कमरेखाली सोने घालू नये, हा संकेत किती जुना आहे?

शेवंती (मूळ प्रश्न)

गेल्या आषाढात माझी आजी वारली. तिच्या तोंडात तुळशीपत्राबरोबर जो सोन्याचा मणी ठेवला, तो आईने आजीच्याच पोतीतून सोडवून दिला होता. दिवसकार्य आटोपल्यावर घरातल्या बायकांनी मिळून तिचा दागिन्यांचा डबा उघडला. त्यात ठुशी, पाटल्या, गोठ, डोरले आणि पुतळ्यांची माळ निघाली. माझ्या भाचीचे लग्न मार्गशीर्षात आहे. गोठ मोडून आपल्याला सोन्याचे पैंजण करून द्यावेत, अशी इच्छा तिने बोलून दाखवली. तेव्हा आत्या लगेच म्हणाल्या, की सोने म्हणजे लक्ष्मी, ती पायात घालायची नसते, आणि हे आपल्याकडे वेदांपासून चालत आले आहे.

आत्यांचा मान राखून मला हे नीट समजून घ्यायचे आहे. हा संकेत खरोखर इतका जुना आहे का? प्राचीन काळी सोन्याचा दागिना अंगावर घालण्याला धार्मिक अर्थ काय होता आणि सामाजिक अर्थ काय होता? मंगळसूत्रही तितकेच जुने मानायचे का? आजीच्या माळेतल्या प्रत्येक पुतळीवर दोन माणसे कोरलेली आहेत आणि आम्ही लहानपणापासून त्यांना राम-सीता म्हणत आलो आहोत. त्याविषयीही कोणी सांगितले तर बरे होईल.

पोथीवाचक

शेवंतीताई, आत्याबाईंच्या म्हणण्याला आधार आहे, मात्र तो त्यांना वाटतो तसा दागिन्यांच्या बाबतीतला नाही. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथाच्या सहाव्या कांडात अग्निचयनाचे, म्हणजे विटांची यज्ञवेदी रचण्याच्या विधीचे, वर्णन आहे. त्या विधीत यजमान ‘रुक्म’ नावाची सोन्याची वाटोळी चकती गळ्यात घालतो. ती काळविटाच्या कातड्यात शिवलेली असते, तिची दोरी तागाची आणि तिपेडी असते आणि तिच्यावर एकवीस उंचवटे असतात. बारा महिने, पाच ऋतू, तीन लोक आणि एकविसावा सूर्य, असा या संख्येचा हिशेब ब्राह्मणकार देतात. चकती म्हणजे सूर्य आणि उंचवटे म्हणजे त्याचे किरण. ही चकती नाभीच्या वरच धारण करावी, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे आणि त्याची कारणेही दिली आहेत. त्यांतले एक असे, की शरीराचा नाभीच्या वरचा भाग यज्ञाला अधिक योग्य, म्हणजे ‘मेध्यतर’ असतो. हाच विचार पुढे मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात ‘ऊर्ध्वं नाभेर्मेध्यतरः पुरुषः’ या शब्दांत येतो; तेथे मात्र सोन्याचा विषयच नाही.

म्हणजे नाभीच्या वर सोने, ही कल्पना वैदिक आहे. पण ती एका विशिष्ट यज्ञातल्या, एका विशिष्ट वस्तूसाठी आहे आणि ती वस्तू घालणारा यजमान पुरुष आहे. त्या काळी सोने ही बायकांपुरती बाब नव्हती, हेही ध्यानात ठेवावे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात रुद्राची स्तुती करताना त्याच्या गळ्यातल्या ‘विश्वरूप’ निष्काचा, म्हणजे कंठभूषणाचा, उल्लेख येतो. आपल्याकडे पुरुषांच्या कानात भिकबाळी दिसते, तिच्याकडे या दृष्टीने पाहावे.

सोने-चांदीतला भेद कोठून आला, हे पाहायचे तर तैत्तिरीय संहितेत एक कथा आहे. असुरांशी लढायला जाताना देवांनी आपले धन अग्नीजवळ ठेवले, अग्नी ते घेऊन निघून गेला आणि देवांनी ते परत मिळवले तेव्हा तो रडला. त्याच्या अश्रूंची चांदी झाली. म्हणून यज्ञात चांदीची दक्षिणा देऊ नये, जो देतो त्याच्या घरी वर्षाच्या आत रडणे होते, असे ती संहिता सांगते. सोन्याबद्दल याच वाङ्मयात ‘अमृतं हिरण्यम्’ असे पुन्हा पुन्हा म्हटले आहे. सोने गंजत नाही, आगीत घातले तरी वजनाने घटत नाही. डोळ्यांसमोर दिसणाऱ्या या गुणावरूनच ते अमरत्वाचे द्रव्य ठरले, असे मला वाटते.

तुमच्या आजींच्या तोंडातला मणी याच विचाराच्या धाग्यात ओवलेला आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात जातकर्म सांगितले आहे, त्यात नुकत्याच जन्मलेल्या बाळाला सोने उगाळलेले तूप आणि मध सोन्यानेच चाटवायचे असते. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात दीर्घायुष्यासाठी अंगावर सोने बांधण्याचे सूक्त आहे. दाक्षायणांनी शतानीकाला जे सोने बांधले, तेच मी तुला बांधतो, असे त्यात म्हटले आहे. अग्निहोत्र्याच्या अंत्यविधीत मृताच्या इंद्रियद्वारांवर सोन्याचे तुकडे ठेवण्याचा विधीही सूत्रांत आहे. जन्मल्यावर पहिल्या घासाला सोने आणि गेल्यावर शेवटच्या घासालाही सोने, इतका हा संबंध जवळचा आहे.

आता लक्ष्मीविषयी. श्रीसूक्ताची पहिलीच ऋचा तिला ‘सुवर्णरजतस्रजाम्’ म्हणते. सोने आणि चांदी, दोन्हींच्या माळा तिच्या गळ्यात आहेत. केवळ लक्ष्मीच्या नात्याने सोने पायात वर्ज्य करायचे असेल, तर चांदीची जोडवी आणि चांदीचे पैंजणही वर्ज्य करावे लागतील. चांदीला हा नियम कोणी लावत नाही, यावरूनच त्याचे मूळ निराळे असावे, असे माझे मत आहे.

मंगळसूत्राबाबत भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात स्पष्ट लिहिले आहे, की गृह्यसूत्रे या विधीविषयी काहीच सांगत नाहीत. पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी हे सारे तेथे आहे. गळ्यात मंगळसूत्र बांधणे नाही. ते नंतरच्या ग्रंथांत येते. एक वाटी माहेरची आणि एक सासरची, ही आपली रीत मला अत्यंत सुंदर वाटते आणि ती वेदांत नाही म्हणून तिची किंमत कमी होते, असे मी मानत नाही.

घाटवाटा

पोथीवाचकांनी ग्रंथांचा आधार दिला आहे, मी दगडाचा देतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला हा महाराष्ट्र आहे. ऊन तिरपे असताना त्या स्त्रियांच्या पायांकडे पाहावे. घोट्यापासून वर एकावर एक जाड कडी चढवलेली आहेत, कमरेला अनेक सरांची रुंद मेखला आहे, कानांत इतके जड अलंकार आहेत की पाळ्या ओढल्या गेल्या आहेत, आणि वर गळा मात्र त्या मानाने मोकळा वाटतो. मध्य भारतातल्या भारहुतच्या स्तूपावर कोरलेल्या यक्षीही अशाच, आणि त्या कार्ल्याहूनही जुन्या आहेत. आजच्या वधूचा सगळा भार गळ्यात आणि हातात असतो. त्या काळी तो कान, कंबर आणि पाय यांवर होता.

ती कडी सोन्याची होती की चांदीची, हे दगडावरून कळत नाही. त्यासाठी साहित्याकडे वळावे लागते. तमिळ महाकाव्य शिलप्पदिकारम् हे सारे एका पैंजणाभोवती घडते आणि नायिका कण्णगीचे ते पैंजण सोन्याचे आहे. राणीच्या पैंजणात मोती होते आणि कण्णगीच्या पैंजणात माणके, एवढ्या फरकावरून, कण्णगीच्या नवऱ्याला राणीच्या पैंजणाचा चोर ठरवून मारणाऱ्या मदुरेच्या राजाचा अन्याय उघडा पडतो. त्या समाजात पतिव्रतेचा आदर्श ठरलेली स्त्रीच पायात सोने घालत होती. प्राचीन तमिळ संगम साहित्यात लग्नाआधी मुलीच्या पायांतली पैंजणे उतरवण्याचा विधीही आहे. आपल्याकडे लग्नात पायांत जोडवी चढतात, तेथे लग्नासाठी पायांतला अलंकार उतरत असे.

पायातल्या सोन्याचा निषेध पुढे पक्का होण्यामागे दरबारी मानमरातबाचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते. राजस्थानच्या संस्थानांत पायात सोने घालण्याचा मान राजा देत असे आणि तो मिळणे ही घराण्याच्या प्रतिष्ठेची गोष्ट होती. जो अधिकार मूठभरांना आहे, तो बाकीच्यांना निषेधाच्या रूपातच माहीत असतो. देवाला हा निषेध नाही, हे आपण पाहतोच; मूर्तीच्या पायांत सोन्याचे तोडे भक्तिभावाने घातले जातात.

विचारले नसले तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण सोन्याचा धार्मिक अर्थ तिच्यात फार हळुवारपणे दिसतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याच्या स्तूपात उत्खनन केले. मोठ्या दगडी पेटीत तांब्याचा करंडक निघाला, त्यात चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे! भोवती सोन्याची फुले वाहिलेली होती. भिक्षापात्राच्या खापऱ्या सर्वांत मौल्यवान मानून त्यांच्यावर कोणीतरी सोनाराकडून घडवलेली फुले वाहिली. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत.

आणि सोनारांचे नावही या डोंगरांत राहिले आहे. कान्हेरीला एका पाण्याच्या टाक्याजवळ लेख आहे. ते टाके कल्याणच्या ‘सुवण्णकार’ सामिदत्ताने दान दिले. भिक्षूंना पाणी मिळावे म्हणून एका सोनाराने पदरचा पैसा खर्च करून डोंगर खोदवला आणि म्हणून आज आपण त्याचे नाव घेतो आहोत.

कसोटी

मी चाळीस वर्षे सोनारकाम केले आहे. पुतळ्यांविषयी सांगतो. पुतळीवरची ती दोन माणसे राम-सीता नाहीत. मूळ नाणे व्हेनिस शहराचे, डुकाट नावाचे. तेथील सत्ताधीश गुडघे टेकून संत मार्क यांच्या हातून ध्वज घेतो आहे, असा तो देखावा आहे. हे नाणे शतकानुशतके व्यापारात आपल्या किनाऱ्यावर येत राहिले, त्याचे सोने अतिशय चोख असल्यामुळे लोकांचा त्यावर विश्वास बसला आणि पुढे आपल्याच सोनारांनी त्याचे ठसे करून पुतळ्या पाडल्या. नक्कल करणाऱ्याला त्यावरची अक्षरे वाचता येत नसल्यामुळे हळूहळू त्या अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या. जपून भिंग लावून पाहा, दोन माणसांच्या मधोमध ध्वजाची उभी काठी दिसेल.

परदेशी नाण्याचा दागिना करण्याची ही सवय मात्र पुतळीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. सातवाहनांच्या काळात रोमची नाणी दक्षिणेत येत होती. प्लिनी नावाचा रोमन लेखक तक्रार करतो, की भारत दरवर्षी आमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. आलेल्या नाण्यांपैकी काहींना भोके पाडून किंवा कडी जोडून लोकांनी ती गळ्यात घातली. ज्यांना सोन्याचे नाणे परवडत नव्हते, त्यांच्यासाठी मातीत ठसा उमटवून तशीच पदके केली जात. तेर आणि नेवासे येथील उत्खननांत ती सापडली आहेत. तेरच्या संग्रहालयात सातवाहनकाळच्या वस्तू पाहताना मी बराच वेळ उभा होतो. मातीचे पदक गळ्यात घालणाऱ्या त्या बाईची हौस आणि आज एक ग्रॅमचे दागिने घेणाऱ्या बाईची हौस यांत मला काडीचाही फरक वाटत नाही.

वैदिक निष्काचेही असेच, पण उलट्या दिशेने झाले. तो आधी गळ्यातला अलंकार होता आणि नंतर मोलाचे परिमाण झाला. पाणिनीच्या सूत्रांत तो किंमत सांगण्यासाठी येतो. नाणे दागिना होते आणि दागिना नाणे होतो, हे आमच्या दुकानात रोज घडते.

कारागिरीबद्दल म्हणाल तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोन्याच्या कामाचे तीन प्रकार दिले आहेत. ‘क्षेपण’ म्हणजे खडे-काच बसवणे, ‘गुण’ म्हणजे तारेचे सर विणणे, आणि ‘क्षुद्रक’ म्हणजे भरीव, पोकळ आणि बारीक रव्यांचे काम. जडाव, सर आणि रवा या नावांनी मी हीच कामे केली. रवा लावताना सोन्याचे मोहरीहून बारीक गोळे एकेक करून जागेवर बसवावे लागतात आणि डाक देताना, म्हणजे सांधताना, फुंकणीचा श्वास जरा जास्त झाला तर ते वितळून सपाट होतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तक्षशिलेच्या दागिन्यांवर हे काम इतके सफाईदार आहे, की पाहताना माझाच श्वास थांबतो. सोनार सोने कसे चोरतो, त्याचे पाच प्रकारही कौटिल्याने सांगितले आहेत आणि पहिलाच खोट्या तराजूचा आहे. आमच्या धंद्यातल्या मुलांनी ते प्रकरण अवश्य वाचावे.

वजनाचेही सांगतो. मनुस्मृतीत पाच कृष्णलांचा, म्हणजे गुंजांचा, एक माष आणि सोळा माषांचा एक सुवर्ण, म्हणजे ऐंशी गुंजांचा सुवर्ण. माझ्या वडिलांच्या पेटीत ग्रॅमच्या वजनांशेजारी गुंजा असत, लाल आणि डोक्यावर काळा ठिपका असलेल्या. त्यांच्या हिशेबात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. माप बदलले, बी तेच राहिले. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात भावही दिला आहे, एका सुवर्णाला पस्तीस कार्षापणे, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी. दोन हजार सुवर्णांचे सत्तर हजार कार्षापण, असा तो हिशेब आहे.

शेवंती

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी हे सारे आत्यांना वाचून दाखवले. नाभीच्या वरच्या रुक्माचे ऐकून त्यांना समाधान वाटले आणि कण्णगीची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. आता घरात निराळाच प्रश्न उभा राहिला आहे. आजीचे दागिने काकांकडे जावेत, कारण घर त्यांनी सांभाळले, असे काहींचे म्हणणे आहे. आई आणि आत्या म्हणतात, की बाईचे सोने लेकीबाळींकडे जाते. आजचा कायदा आम्ही वकिलांना विचारू. पण जुन्या काळी याविषयी काय समजूत होती?

दायभाग

या प्रश्नाचे उत्तर थेट मिळते. कौटिल्य स्त्रीधनाचे दोन भाग करतो. एक ‘वृत्ति’, म्हणजे निर्वाहाची तरतूद, आणि दुसरा ‘आबध्य’, म्हणजे अंगावर बांधलेले, अर्थात दागिने. वृत्तीला त्याने दोन हजार ‘पण’ या नाण्यांची मर्यादा घातली आहे, दागिन्यांना कोणतीच मर्यादा नाही. नवरा तरतूद न करता परगावी गेला तर मुलांच्या आणि सुनेच्या पोषणासाठी स्त्रीने हे धन वापरण्यात दोष नाही. आजार, दुष्काळ, संकट किंवा धर्मकार्य असेल तर नवऱ्यालाही ते वापरता येते. मात्र गांधर्व किंवा आसुर पद्धतीने लग्न झाले असेल, तर वापरलेले धन व्याजासह परत करायचे, आणि राक्षस किंवा पैशाच विवाहात ते वापरणे म्हणजे चोरी. इतका बारीक विचार त्या काळी झाला होता.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तर असे म्हटले आहे, की पती जिवंत असताना स्त्रियांनी जे अलंकार अंगावर घातले असतील, ते दायादांनी, म्हणजे वारसदारांनी, वाटून घेऊ नयेत. जे वाटून घेतात ते पतित होतात. त्याच अध्यायात आईचे विवाहाच्या वेळचे धन, म्हणजे यौतक, कुमारी मुलीचा भाग मानले आहे. विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका बाराव्या शतकाच्या आसपास चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला लिहिली गेली. तिनेही स्त्रीधनाच्या वारसात मुलींना आधी धरले. महाराष्ट्रात न्यायनिवाड्याला तीच आधारभूत होती. तुमच्या आई आणि आत्या जे बोलत आहेत, ते या परंपरेला धरून आहे.

माझ्या मते प्राचीन सोन्याचा सर्वांत खोल सामाजिक अर्थ येथे आहे. इराकमधल्या उर येथे इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमाराला पुआबी राणीला पुरले, तेव्हा तिचे सोन्याच्या पानांचे शिरोभूषण आणि मण्यांचा अंगरखा तिच्याबरोबर मातीत गेला. उरच्या त्याच शाही दफनभूमीत सिंधू खोऱ्यात घडवलेले कार्नेलियनचे, म्हणजे तांबड्या अकीकाचे, लांब मणीही मिळाले आहेत. ज्या लोकांनी हे मणी घडवले, त्यांच्या स्वतःच्या थडग्यांत सोने अगदी क्वचित आढळते. शंखाच्या बांगड्या, मणी, मडकी एवढेच बहुधा असते. मोहेंजोदडोचे सोने मिळाले ते घरांत, जमिनीखाली भांड्यांत दडवलेले. मृताच्या अंगावरचे सोने उतरवून मागच्यांकडे द्यायचे, ही रीत त्या नगरांत असावी, असा तर्क अभ्यासक करतात आणि मला तो पटतो. आजींच्या पोतीतला एक मणी त्यांच्याबरोबर गेला आणि बाकीची पोत डब्यात राहिली, हे वाचताना मला त्या भांड्यांची आठवण झाली.

वाटणीचे कागद करण्याआधी प्रत्येक दागिना कोणाकडून आणि कोणत्या प्रसंगी आला, हे आत्याबाईंना विचारून लिहून ठेवा. माहेरून आलेले, सासूने घातलेले, भावाने दिलेले, हे जुन्या शास्त्रांत वेगवेगळे मोजले जात आणि हे सांगू शकणारी माणसे घरात फार काळ राहत नाहीत.

शेवंती

काल रात्री आत्यांना शेजारी बसवून सगळे लिहून घेतले. गोठ आजीच्या भावाने दिलेले निघाले. ते मोडायचे नाहीत, असे भाचीनेच ठरवले. ती तेच लग्नात घालणार आहे. कसोटीकाकांनी सांगितल्याप्रमाणे भिंगातून पुतळी पाहिली. मधली काठी दिसते, डावीकडचा उभा आहे आणि उजवीकडच्याचे गुडघे वाकलेले आहेत, कडेने बारीक रेघा आहेत. इतकी वर्षे ती काठी आम्हांला रामाचे धनुष्य वाटत होती. मागच्या बाजूला ताऱ्यांच्या लांबट वर्तुळात एक उभी मूर्ती आहे. आजी तिला नाव घेऊन नमस्कार करत असे. ते नाव आत्यांना आठवेना, आईला विचारायचे आहे.